बाहेरचा पैसा आणि गोव्यातलं काम

प्रश्न: ताई, माझा दीर लंडनला असतो, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलाय. बायकांच्या तस्करीविरुद्ध गोव्यात काम करणाऱ्या संस्थेला त्याला पैसे द्यायचेत. चालतात का? आणि बाहेरच्या मदतीचा उपयोग तरी होतो का? (म्हापसा)

उत्तर: चालतात, पण पासपोर्ट आडवा येतो बघा! भारतीय नागरिकाने परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी धरत नाहीत, पण तुमचे दीर आता पोर्तुगीज नागरिक, म्हणजे संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच जाणार. २०२० पासून तर एका संस्थेने आलेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायलाही बंदी आहे, त्यामुळे छोट्या संस्थांचे हाल झाले, मला तरी हा नियम अतीच वाटतो.

उपयोग म्हणाल तर होतो. संयुक्त राष्ट्रांचा पीडितांसाठी खास निधी आहे, २०१० पासून, त्यातून जगभरच्या स्थानिक संस्थांना पैसे मिळतात. पण रेडनंतर खरं काम सुरू होतं हो. वास्कोतली बायणाची वेश्यावस्ती २००४ साली पाडली, धंदा काय थांबला? लॉजमध्ये, फ्लॅटमध्ये गेला. वास्कोच्या अर्ज संस्थेने सुटलेल्या बायकांसाठी स्विफ्ट वॉश नावाची लॉन्ड्री काढली, कपडे धुवा, इस्त्री करा, महिन्याला पगार घ्या. दिरांना सांगा, रेस्क्यूचे फोटो बघून भुलू नका, नंतर बाईच्या पगाराचं काय ते आधी विचारा.