एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये बनवलेलं अवकाशाचं दृश्य खोटं का वाटतं?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आणि एक शंका आहे. नॉइज फिल्टरने (चित्रभर यादृच्छिक ठिपके पसरवणाऱ्या फिल्टरने) काढलेले तारे जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारखे दिसतात, ग्रह वरून चिकटवल्यासारखा वाटतो, तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू आणि धुळीच्या ढगाचा, नुसता रंगीत धूर होतो. शंका अशी की, लेन्स फ्लेअर (भिंगामुळे फोटोत उमटणारी चमक आणि वर्तुळं) टाकला तर हे सगळं झाकलं जाईल का? तिचं उत्तर शेवटी देते.

तक्रारी तीन असल्या तरी त्यांचं मूळ एकच दिसतं. तुम्ही एकामागून एक फिल्टर लावत गेलात, पण या दृश्यात उजेड कुठून येतोय हे ठरवलंच नाही. जमिनीवरच्या फोटोत हवा, भिंती, ढग उजेड इकडेतिकडे उडवतात आणि सावलीतही थोडंफार दिसतं. अवकाशात ती सोय नाही. जिथे उजेड पडतो तिथे लख्ख, जिथे पडत नाही तिथे मिट्ट काळोख. म्हणून पहिलं काम फिल्टरचं नाहीच. रिकाम्या कॅनव्हासवर एक लेयर घ्या, त्यावर लाल ब्रशने एक बाण काढा: तारा या बाजूला आहे. हा लेयर काम संपेपर्यंत सगळ्यात वर राहू द्या आणि शेवटी बंद करा. पोरखेळ वाटेल, पण पुढचे निम्मे निर्णय हा बाणच घेतो.

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. फोटोशॉप असेल तर ठीक, नसेल तर गिंप किंवा क्रिटा फुकट मिळतात आणि ब्रशच्या कामाला मला क्रिटा जास्त आवडतं. लेयर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर), मास्क (लेयरचा काही भाग झाकणारा पडदा), ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा ते) आणि १६ बिटचं काम, एवढं त्यात असलं की झालं. (गिंप वापरत असाल तर २०१८ साली आलेली २.१० किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या, आधीच्या आवृत्त्यांत १६ बिट नाही.) १६ बिटचा आग्रह यासाठी की ८ बिटच्या फाइलमध्ये एका रंगाच्या काळ्यापासून पूर्ण उजळपर्यंत फक्त २५६ पायऱ्या असतात आणि अवकाशाचं चित्र त्यातल्या तळाच्या वीस-तीस पायऱ्यांवरच उभं असतं. मग निळसर काळ्यापासून काळ्यापर्यंतच्या ग्रेडियंटमध्ये पट्टे पडतात. शेवटी सगळ्या चित्रावर एक-दोन टक्के नॉइज टाकला तर उरलेसुरले पट्टेही मोडतात. कॅनव्हासचा अंतिम आकारही आधीच ठरवा. ४००० पिक्सेलवर काढलेले एकेका पिक्सेलचे तारे चित्र निम्मं केलं की फिके पडतात किंवा गायबच होतात.

आता तारे. काळ्या लेयरवर फोटोशॉपमध्ये 'ॲड नॉइज' लावा, 'गॉशियन' आणि 'मोनोक्रोमॅटिक' निवडून. गिंपमध्ये 'एचएसव्ही नॉइज' घ्या आणि 'व्हॅल्यू'चा स्लायडर वाढवा. वर अर्धा पिक्सेल 'गॉशियन ब्लर' द्या. मग 'लेव्हल्स' (काळं कुठून आणि पांढरं कुठून धरायचं ते ठरवणारी सोय) उघडून काळा स्लायडर उजवीकडे सरकवत न्या. ठिपके भराभर विझत जातील. बहुतेक जण इथे फार लवकर थांबतात. तुम्हाला पुरेसे वाटतात त्याच्याही निम्मे उरेपर्यंत सरकवा.

मुंग्यांचा खरा दोष मात्र संख्येत नाही, सगळे ठिपके सारख्याच तेजाचे असण्यात आहे. आकाशात ताऱ्यांच्या तेजाची उतरंड फार तीव्र असते. तेजाच्या पायरीला 'प्रत' म्हणतात, आकडा जितका लहान तितका तारा ठळक. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या १०० पट तेजस्वी असतो. पहिल्या प्रतीचे किंवा त्याहून ठळक तारे सगळ्या आकाशात मिळून वीसेक, आणि नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीपर्यंत मोजत गेलात तर काही हजार. एक प्रत खाली उतरलं की संख्या ढोबळमानाने तिप्पट होते. हेच प्रमाण चित्रात आणा. पहिल्या लेयरची प्रत काढा, ९० अंशांत फिरवा (नाहीतर तीच नक्षी पुन्हा दिसते), दुप्पट-तिप्पट मोठी करा आणि लेव्हल्सने आणखी कडक छाटा. हा झाला मधल्या ताऱ्यांचा लेयर, तो 'स्क्रीन' मोडवर ठेवा. स्क्रीनमध्ये वरच्या लेयरचा काळा भाग खालच्याला हात लावत नाही, फक्त उजेड उजेडात मिसळतो. अवकाशाचं निम्मं काम याच एका मोडवर चालतं. सगळ्यात ठळक पाच-सात तारे मात्र हाताने टिंबा, मऊ गोल ब्रशने, एकेक करून.

तारे सगळीकडे सारख्या दाटीनेही नसतात. ताऱ्यांच्या लेयरला मास्क लावा, त्यात 'क्लाउड्स' फिल्टर भरा (गिंपमध्ये 'सॉलिड नॉइज') आणि मास्कचाच कॉन्ट्रास्ट वाढवा. कुठे गर्दी, कुठे ओसाड अशी विभागणी आपोआप होते.

रंगाच्या बाबतीत हात आखडता घ्या. मृग नक्षत्रातला काक्षी (बेटलज्यूज) तांबूस दिसतो आणि राजन्य (रायजेल) निळसर, कारण काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३५०० केल्व्हिन, तर राजन्यचा त्याच्या तिपटीहून जास्त तापलेला आहे. पण हे रंग पुसट असतात. गाभा पांढराच ठेवा आणि भोवतीच्या मंद तेजोवलयाला किंचित रंग द्या. हिरवा तारा काढू नका. डोळ्याला हिरवा दिसणारा तारा नसतो.

तेजोमेघावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, चित्राचा जीव तिथेच असतो. 'क्लाउड्स' आणि त्यावर दोन-तीनदा 'डिफरन्स क्लाउड्स' ही नेहमीची रीत सुरुवातीला ठीक आहे. अडचण अशी की त्या फिल्टरला दिशा नसते. चित्राचा कुठलाही तुकडा कापून दुसरीकडे ठेवला तरी फरक कळत नाही. खऱ्या तेजोमेघाला दिशा असते. हबल दुर्बिणीने १९९५ साली टिपलेले गरुड तेजोमेघातले ते प्रसिद्ध खांब डोळ्यांसमोर आणा. जवळच्या तरुण, तप्त ताऱ्यांचं अतिनील प्रारण वायूला कोरत नेतं. जिथे धूळ दाट आहे तिथला भाग तग धरतो आणि त्याच्या मागे, आडोशाला, खांब उरतो. ताऱ्यांकडची कड उजळ आणि रेखीव, आडोशाची बाजू गडद आणि मऊ. तुमच्या धुरात नेमकं हेच नाही.

करायचं असं. तेजोमेघ पेटवणारे तारे नक्की कुठे आहेत ते आधी ठरवा. मग फोटोशॉपचं 'लिक्विफाय' किंवा गिंपचं 'वार्प ट्रान्सफॉर्म' घेऊन फिल्टरचे ढग त्या ठिकाणापासून लांब ओढा, म्हणजे सगळ्या पुंजक्यांना एक कल येईल. त्यावर नॉर्मल मोडचा नवा लेयर घेऊन खडबडीत ब्रशने काळपट तपकिरी धूळ रंगवा. ही धूळ फार जण विसरतात. सगळा तेजोमेघ चमकताच असला की तो सपाट दिसतो. पुढे अपारदर्शक काहीतरी आलं की लगेच खोली येते. अश्वमुख तेजोमेघ आपल्याला दिसतो तोच मुळी मागच्या लाल उजेडावर पडलेल्या काळ्या आकृतीमुळे. शेवटी 'कलर डॉज' मोडचा लेयर घ्या आणि मोठ्या मऊ ब्रशने, दहा टक्क्यांच्या आत ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) ठेवून, ताऱ्यांकडच्या कडांवर हलके हात फिरवा. कलर डॉज आधीच उजळ असलेल्या भागाला भडकवतो आणि काळ्याला काळंच ठेवतो, त्यामुळे उजेड आतून आल्यासारखा वाटतो. जास्त झालं की पांढरे डाग पडतात. तेव्हा थांबा.

रंग दोन निवडा, फार तर तीन. जांभळा-गुलाबी-मोरपिशी असा सगळा डबा ओतलेली चित्रं भरपूर दिसतात आणि ती सगळी एकाच ठिकाणची वाटतात. थोडा आधार हवा असेल तर असा: हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला गडद लाल चमकतो, ऑक्सिजन ५०१ नॅनोमीटरच्या आसपास निळसर हिरवा, आणि कृत्तिकांभोवतीसारखी नुसता ताऱ्यांचा उजेड परतवणारी धूळ निळी दिसते. हबलच्या चित्रातला सोनेरी-निळा मेळ हा नेमून दिलेला आहे: गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. तेव्हा रंग बदलण्याची मुभा तुम्हालाही आहे. पण हबलच्या लोकांनी जसा नियम ठरवून तो चित्रभर पाळला, तसा तुम्हीही पाळा.

ग्रह चिकटवल्यासारखा वाटतो याची कारणं सरळ आहेत. पोत म्हणून दगड, गंजलेला पत्रा, भेगाळलेली माती, कशाचाही फोटो चालतो. फोटोशॉपमध्ये गोल सिलेक्शन करून 'स्फेराइज' शंभर टक्के लावा. गिंपमध्ये 'मॅप ऑब्जेक्ट'मध्ये 'स्फिअर' निवडा आणि त्यातला आयता उजेड बंद करा, कारण आपला उजेड बाणाप्रमाणे येणार आहे. मग ग्रहाएवढंच काळं वर्तुळ नव्या लेयरवर काढा, व्यासाच्या दहा-पंधरा टक्के ब्लर द्या, 'मल्टिप्लाय' मोडवर (तो खालचं चित्र गडद करतो) ठेवून बाणाच्या उलट दिशेला सरकवा. ते ग्रहाबाहेर सांडू नये म्हणून ग्रहाच्या आकाराचा मास्क लावा.

आता धीर धरून ती बाजू खरोखर काळी होऊ द्या. पोत छान जमलाय म्हणून काळोख्या बाजूलाही थोडा दिसू द्यायचा मोह होतो, आणि तिथेच ग्रह आकाशापासून सुटतो. काळोखी बाजू आकाशात विरघळली पाहिजे. तिथे ग्रह आहे हे फक्त तिथे तारे नाहीत यावरून कळावं. म्हणजेच ग्रहाच्या काळोख्या भागातून तारे दिसता कामा नयेत. ताऱ्यांचा स्क्रीन लेयर चुकून ग्रहाच्या वर राहिला की कोरीच्या दोन टोकांमध्ये तारा लुकलुकतो आणि ग्रह भोक पडल्यासारखा दिसतो. चित्रात दुसरा चंद्र असेल तर त्याचीही तीच बाजू उजळा. आणि तारा ग्रहाच्या मागे दाखवायचा असेल तर ग्रहाची फक्त बारीक कोर उजळेल, पूर्ण चेहरा नाही.

वातावरणाचं वलय तर हमखास चुकतं. 'आउटर ग्लो' दिला की ग्रहाभोवती सगळीकडून जाड निळी पट्टी येते. हिशेब करून बघा: पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर, आणि अवकाशाची सुरुवात साधारण १०० किलोमीटरवर धरतात. ग्रह १००० पिक्सेल रुंद काढला तर हे १०० किलोमीटर म्हणजे आठ पिक्सेल. त्यातही बरीचशी हवा तळाच्या दीड पिक्सेलात. तेव्हा वलय बारीक हवं, कडेला घट्ट आणि बाहेर झटकन विरणारं, आणि फक्त उजळ बाजूला. म्हणून ते लेयर स्टाइलने न देता वेगळ्या लेयरवर काढा आणि काळोख्या बाजूला मास्कने पुसा. दिवस-रात्रीच्या सीमेवर तांबूस छटेचा एक पुसट हात फिरवला तर छान दिसतं, तिथे संध्याकाळ असते. आणि आपल्या चंद्रासारखा हवा नसलेला गोल काढत असाल तर वलय अजिबात नको, कड एक पिक्सेल ब्लर करून सोडून द्या. कडी हवी असतील तर आडव्या रेघांच्या पट्टीवर 'पोलर कोऑर्डिनेट्स' लावून चपटी करा आणि ग्रहाची सावली कड्यांवर पाडायला विसरू नका.

ग्रह भरपूर उजळ असेल तर त्याच्या आसपासचे तारे मंद करा. अपोलो ८ मधून २४ डिसेंबर १९६८ रोजी टिपलेल्या, चंद्राच्या क्षितिजावर पृथ्वी उगवतानाच्या फोटोत आकाश कोरं काळं आहे, कारण उजळ पृथ्वी आणि चंद्रभूमी नीट यावी एवढ्याच वेळात मंद तारे फिल्मवर उमटत नाहीत. चित्रात तितकं कडक राहायची गरज नाही, तारे हवेतच. पण उजळ कडेपाशी पूर्ण झगमगाट ठेवला की डोळ्याला खटकतं.

ठळक ताऱ्यांना किरण द्यायचे असतील तर एकच दुर्बीण निवडा. हबलच्या चित्रांत चार किरण येतात, दुय्यम आरसा धरणाऱ्या चार पट्ट्यांमुळे. वेब दुर्बिणीच्या चित्रांत सहा मोठे आणि दोन लहान, कारण तिचा आरसा षटकोनी तुकड्यांचा आणि दुय्यम आरशाला तीन दांडे. किरण दुर्बिणीमुळे येतात, त्यामुळे चित्रातल्या सगळ्या ताऱ्यांना त्यांचा कोन एकच हवा. प्रत्येक तारा वेगळ्या कोनात फिरवलेला दिसला की तो ब्रश वापरल्याचं लगेच कळतं.

आता लेन्स फ्लेअर. तो भिंगांमधल्या परावर्तनातून येतो, म्हणून तारा चौकटीत किंवा अगदी काठाबाहेर असेल तरच त्याला जागा आहे, आणि त्याची वर्तुळं ताऱ्यापासून चित्राच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेवरच पडतात. टाकायचाच असेल तर वेगळ्या काळ्या लेयरवर काढून स्क्रीन मोडवर ठेवा, म्हणजे नंतर कमी करता येईल. तुमचा ग्रह डावीकडून उजळलेला आहे असं तुम्ही लिहिलंय आणि फ्लेअर उजव्या कोपऱ्यात टाकायचा विचार दिसतो. तसं केलंत तर काही झाकलं जाणार नाही, उलट चित्रात दोन सूर्य होतील.