नकाशा हिरवा, ऊस पिवळा

प्रश्न: पाच महिन्यांच्या आडसाली उसावर ड्रोन फिरवून घेतला. एनडीव्हीआय नकाशा सरसकट हिरवा आला. रानाच्या खालच्या अंगाला मात्र ऊस पिवळा पडलाय. नकाशा चुकला का?
– एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर: नकाशा चुकलेला नाही, या वयाच्या उसाला तो निर्देशांक पुरत नाही. एनडीव्हीआय म्हणजे पिकाने परतवलेल्या लाल आणि अवरक्त प्रकाशावरून काढलेला हिरवेपणाचा आकडा. पान लाल प्रकाश जवळपास सगळा शोषतं. ऊस दाटून सऱ्या झाकल्या की त्या मोजणीत फरक उरत नाही आणि आकडा वरच्या टोकाला अडकून बसतो. त्याच उड्डाणाचा एनडीआरई नकाशा मागा. त्यात लालऐवजी रेड एज, म्हणजे लाल आणि अवरक्त यांच्या मधला, ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाशाचा पट्टा असतो. हा प्रकाश दाट पानांत खोलवर जातो, म्हणून हरितद्रव्य घटलेलं लवकर उमटतं. कॅमेऱ्यात हा पट्टा आहे का, ते पैसे ठरवण्याआधीच विचारायचं.

नकाशा जागा दाखवतो, कारण नाही. फिकट भागातली उसाची चार बेटं बघा. जुनी पानं आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी. कोवळी पानं पिवळी नि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. चुनखडीच्या रानात हे नेहमीचंच. बेट सहज उपटून आलं तर मुळाशी हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी शोधा. तुमचा पिवळेपणा खालच्या अंगालाच आहे, म्हणून सगळ्यात आधी दीड फूट खड्डा घ्या. पाणी साचत असेल तर युरिया वाया जाईल; चर काढा.

प्रश्न: पंधरा दिवसांच्या अंतराने दोन नकाशे केले. पीक सुधारलंय, पण दुसऱ्यात लाल रंग जास्त!
– एक वाचक, बारामती

उत्तर: आधी रंगपट्टी बघा. सॉफ्टवेअर बहुधा प्रत्येक नकाशाला त्याच्यातल्याच किमान-कमाल आकड्यांवर रंग देतं, त्यामुळे ०.६ एकात हिरवा तर दुसऱ्यात लाल येतो. दोन्हींना एकच पट्टी लावून घ्या आणि चित्राऐवजी टिफ फाइल मागा, तिच्यात रंगाऐवजी मूळ आकडे असतात. तरी जुळलं नाही, तर उड्डाणाआधी परावर्तन-फलकाचा (त्या दिवसाच्या उजेडाचा हिशेब लावायच्या करड्या पाटीचा) फोटो घेतला होता का ते विचारा. फलकावर चालकाची सावली पडली तरी हिशेब बिघडतो. उड्डाण ११ ते २ दरम्यान, त्याच उंचीवरून, एक फोटो पुढच्यावर ७५ ते ८० टक्के चढेल असं करावं. ढग येत-जात असतील त्या दिवशी उडवूच नये.

प्रश्न: एकाच एकरासाठी ड्रोन परवडेल?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर: आधी सेंटिनेल-२ उपग्रहाची फुकट चित्रं बघा. दर ५ दिवसांनी नवं चित्र, चित्रातली एक चौकट (पिक्सेल) जमिनीवर १० बाय १० मीटरची. म्हणजे एकरात सुमारे ४० चौकटी. बांधावरच्या चौकटींत शेजाऱ्याचं पीक मिसळतं, त्या सोडून द्या. पावसाळ्यात ढगांमुळे महिना-महिना काही हाती लागत नाही. ड्रोनवाला बोलवायचा तो तेव्हा, आणि तोही शेजारच्या पाच-सहा जणांनी मिळून.