पेशीला पाय नाहीत, स्नायू नाहीत. मग ती सरकते कशी, आणि दोन होताना गोल का होते?

तुम्ही विचारलंय: ‘जखम भरताना कातडीच्या पेशी कडेकडून सरकत येतात असं वाचलं. पण पेशीला ना पाय, ना स्नायू. मग ती सरकते कशाच्या जोरावर? आणि विभाजन चालू असतानाही ती खाली चिकटलेलीच असते का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत होतं: असते, पण जेमतेम, दोऱ्यांनी बांधल्यासारखी. पहिल्याला वेळ लागेल.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम करते. लग्नानंतर सासूबाईंना हे समजावत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, ‘म्हणजे विरजण लावतेस का?’ मला हसू आलं होतं. आता वाटतं, बरोबरच बोलल्या. कालच्यातलं थोडं घ्यायचं, ताज्यात घालायचं, उबेला ठेवायचं आणि सारखं हलवायचं नाही. फक्त दुधाऐवजी लालसर मीडियम, म्हणजे पेशींचं द्रवरूप खाणं, आणि पातेल्याऐवजी प्लास्टिकचा फ्लास्क. इन्क्युबेटर ३७ अंशांवर, आत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड.

ताज्या फ्लास्कमध्ये पेशी सोडल्या की आधी त्या साबुदाण्याच्या दाण्यांसारख्या गोल, तरंगत असतात. मग तळाला बसतात आणि काही तासांत पसरू लागतात. फायब्रोब्लास्ट (कातडीच्या आतल्या थरातल्या, जाळं विणणाऱ्या पेशी) असतील तर लांबट होतात, पुढे पंख्यासारखी रुंद कड, मागे निमुळती शेपटी. ती पुढची कड सतत फडफडत असते. रिकाम्या वेळी मी नुसतं ते बघत बसते. वेग मात्र विचारू नका, मिनिटाला एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागही नाही. मी ठाण्याहून रबाळेला पोचते तेवढ्या पंधराएक मिनिटांत ही बाई केसाच्या जाडीच्या पाव भागाइतकीही हललेली नसते. माशाच्या खवल्यावरच्या पेशी त्यामानाने एक्स्प्रेस, मिनिटाला १० मायक्रॉनच्या पुढे जातात.

आता स्नायूंचं. पेशीला स्नायू नाहीत हे खरं, पण स्नायूत जो माल असतो तो तिच्यात असतोच. १९४२ साली हंगेरीत ब्रूनो श्ट्राउब यांनी स्नायूतून ॲक्टिन हे प्रथिन वेगळं केलं. ते आणि त्याला ओढणारं मायोसिन हे प्रथिन, ही जोडी म्हणजे स्नायूंचीच मालमत्ता अशी समजूत बराच काळ होती. १९६६ साली हातानो आणि ओसावा या जपानी शास्त्रज्ञांनी फायसॅरम या लिबलिबीत, बुरशीसारख्या दिसणाऱ्या जीवातून ॲक्टिन काढलं. त्याला कुठला आलाय स्नायू! पुढे जिथे बघावं तिथे ॲक्टिन सापडत गेलं. तेव्हा उलटं म्हणायला हवं: पेशीकडे जे आधीपासून होतं, तेच स्नायूंनी शिस्तीत रांगेत लावलं.

पेशीच्या आतल्या या धाग्यांना पुस्तकात पेशीसांगाडा म्हणतात. मला तो शब्द खटकतो, कारण सांगाडा म्हटलं की हाडं आठवतात, एकदा झाली की झाली. इथला प्रकार मांडवासारखा आहे. आमच्या सोसायटीसमोर गणपतीचा मांडव पडतो, आणि तेच बांबू थोड्याच दिवसांत नवरात्राच्या मांडवाला लागतात, वेगळ्या आकारात. तसंच ॲक्टिनचे आणि ट्युब्युलिन या दुसऱ्या प्रथिनाचे सुटे रेणू पेशीत पडून असतात. गरज पडली की जोडायचे, काम झालं की सोडवायचे. ॲक्टिनचा धागा साधारण ७ नॅनोमीटर जाड, ट्युब्युलिनची पोकळ नळी २५ नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. तिसरे मधल्या जाडीचे, १० नॅनोमीटरच्या आसपासचे तंतू. कातडीच्या पेशीत ते केरॅटिनचे असतात आणि ताण सोसतात. केरॅटिनवर आपल्याकडे खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात बरंच काम झालंय. पण तुमच्या प्रश्नात त्याचा वाटा कमी, म्हणून पुढे जाते.

पुढच्या कडेला ॲक्टिनचे धागे पेशीच्या आवरणाला आतून टेकलेले असतात. टोकाला नवा रेणू जोडला गेला की धागा तेवढा लांबतो आणि आवरणाला ढकलतो. शिवाय जुन्या धाग्याच्या अंगाला नवी फांदी फुटते, सुमारे ७० अंशांच्या कोनात, त्यामुळे पुढे दाट झुडूप तयार होतं. पण नुसतं ढकलून भागत नाही. रिक्षा न्यूट्रलमध्ये असताना कितीही रेस करा, आवाज होतो, रिक्षा तिथेच. धागा मागे कशाला बांधलेला नसेल तर तोही असाच उलटा मागे घसरत राहतो. त्याला जमिनीशी जोडणारा क्लच लागतो. (हा शब्द माझा नाही, या विषयातली माणसंही क्लचच म्हणतात.)

तो क्लच म्हणजे इंटिग्रिन. आवरणातून आरपार गेलेलं प्रथिन: बाहेरच्या हाताने ते फायब्रोनेक्टिनसारख्या बाहेरच्या जाळ्याला धरतं, आतल्या हाताने टॅलिन, व्हिन्क्युलिन अशा मध्यस्थांमार्फत ॲक्टिनला. पकड बसली की धागा मागे घसरायचा थांबतो आणि कड पुढे जाते. मग मायोसिन धागे आखडतं, अंग पुढे ओढलं जातं, आणि मागच्या पकडी सुटतात. त्या वेळेवर सुटल्या नाहीत तर शेपटी ताणून ताणून लांब होते, कधी तिचा तुकडा मागेच राहतो. मी पाहिलंय तसं.

गर्दीच्या लोकलमध्ये दाराकडे सरकताना आपण पुढची कडी धरल्याशिवाय मागची सोडत नाही, पण मागची सोडल्याशिवाय पुढेही जाता येत नाही. म्हणून फार घट्ट चिकटणारी पेशीही सरकत नाही आणि अजिबात न चिकटणारीही नाही. १९९७ साली पालेचेक आणि सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं: सर्वांत जास्त वेग मध्यम पकडीला मिळतो. पावसाळ्यात शेवाळावर पाय घसरतो आणि चिखलात चप्पल रुतते, चालता येतं ते मधल्या जमिनीवर.

जखमेचं म्हणाल तर आम्ही ते फ्लास्कऐवजी डिशमध्ये करतो. पेशींचा सलग थर झाला की पिपेटच्या पिवळ्या टिपने सरळ ओरखडा काढायचा. लगेच एक फोटो, दुसऱ्या दिवशी दुसरा. दोन्ही काठांवरच्या पेशी रिकाम्या पट्ट्याकडे तोंड करून निघालेल्या दिसतात, मागच्या त्यांना धरून. कातडीच्या पेशी एकमेकींना धरतात ते हात वेगळे, कॅडहेरिन नावाचे, आणि त्यांना कॅल्शियम लागतं. म्हणून पेशी सोडवायच्या असतात तेव्हा आम्ही ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकराबरोबर ईडीटीए हे रसायन घालतो. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, ट्रिप्सिन बाहेरचे हात कापतं. दोनचार मिनिटांत पेशी गोल होऊन सुटतात. जास्त वेळ विसरलात तर त्या पुन्हा नीट बसत नाहीत. म्हणून सीरम असलेलं मीडियम घालून ट्रिप्सिन लगेच थांबवायचं.

विभाजनात मला सर्वांत गंमत वाटते ती ही: निरोगी फायब्रोब्लास्टला पसरून नीट चिकटायला जागा मिळाली नाही तर ती विभाजनाला तयारच होत नाही. तरंगत ठेवा, खायला घाला, ढिम्म. (कॅन्सरच्या बऱ्याच पेशी हा नियम पाळत नाहीत. मऊ अगारमध्ये, म्हणजे जेलीसारख्या पदार्थात, अधांतरी गोळे करून वाढतात, आणि ते बघणं ही एक जुनी चाचणी आहे.) म्हणजे परवानगी मिळते ती चिकटल्यावर. आणि प्रत्यक्ष विभाजन सुरू झालं की पहिलं काम काय, तर पकड सोडणं!

हे मी चूक करून शिकले. पहिली नोकरी, हेला पेशी. या १९५१ सालच्या, हेन्रिएटा लॅक्स यांच्या ट्यूमरमधून आलेल्या, आजही जगभर वाढताहेत. फ्लास्कमध्ये पसरलेल्या पेशींच्या मध्ये मध्ये काही गोल, चकाकत्या पेशी दिसायच्या. मला वाटलं, मेलेल्या. मी टापटिपीची, रोज फ्लास्क तळहातावर थोपटून त्या उडवायचे आणि मीडियमबरोबर ओतून टाकायचे. आठवडाभर मोजणी कमी येत राहिली. मॅडमनी एक दिवस मागे उभं राहून माझं काम पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगं, मेल्या नाहीत त्या, बाळंतपणाला बसल्यात. तू रोज प्रसूतिगृह धुऊन काढतेयस.’ मग त्यांनी माझ्याच ओतलेल्या मीडियमचा थेंब काचेवर घेऊन दाखवला. त्यात चक्क डमरूच्या आकाराच्या पेशी होत्या, मधोमध आवळलेल्या. मेलेली पेशी काळपट, सुरकुतलेली असते आणि ट्रायपॅन ब्लू हा निळा रंग आत घेते. या तर हिऱ्यासारख्या चमकत होत्या. पुढे कळलं की थोपटून अशा पेशी गोळा करणं ही रीतसर पद्धतच आहे. मी फक्त गोळा करायच्याऐवजी मोरीत घालवत होते.

गोल व्हायचं कारण जागा. सूत्री विभाजनात गुणसूत्रं मध्यावर आणून दोन्हीकडे ओढायची तर मध्ये ऐसपैस पोकळी हवी, आणि पसरलेली पेशी पोळीसारखी चपटी. म्हणून ती बहुतेक पकडी सोडते, आवरणाखालचा ॲक्टिन-मायोसिनचा थर आवळते, आतला दाब वाढवते आणि फुगून चेंडू होते. जिथे जिथे पूर्वी धरलं होतं तिथे मात्र बारीक दोरे मागे ठेवते. तुमच्या प्रश्नातलं ‘चिकटलेली’ ते हेच. सगळं आटपायला हेलाला तासभर लागतो, मग दोघी मुली त्याच दोऱ्यांच्या वाटेने पुन्हा पसरतात.

दरम्यान आत नळ्यांचा मांडव मोडून नवा उभा राहतो, तेच शाळेतले तर्कुतंतू. हा मांडव उभाच राहू न देणारी किंवा मोडूच न देणारी रसायनं आपल्या ओळखीच्या झाडांत आहेत. पावसाळ्यात येऊरच्या बाजूला लाल-पिवळी कळलावी फुलते, तिच्यातलं कोल्चिसिन ट्युब्युलिनला धरून ठेवतं, नळी बनूच देत नाही. गुणसूत्रं तपासताना पेशी मध्यावस्थेत थांबवायला हेच किंवा याच जातीचं औषध वापरतात. बाल्कनीतल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं मिळाली, तीही नळ्याच मोडतात. टॅक्सॉल या कॅन्सरच्याच दुसऱ्या औषधाचं उलट: नळ्या इतक्या पक्क्या करतं की सुटेचनात. तिन्हींचा परिणाम एकच, विभाजन अडतं. (कळलावी जबर विषारी आहे. फोटो काढा, हात लावू नका.)

पेशी मध्येच कापायची कुठे, हे कोण ठरवतं? इथे १९६१ सालचा रे रॅपापोर्ट यांचा प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. सी-अर्चिनच्या नात्यातल्या सँड डॉलरचं अंडं घेऊन त्यांनी मध्यावर काचेचा मणी दाबला, अंड्याचा मेदूवडा झाला. पहिल्या विभाजनात वडा एका बाजूने कापला गेला, दुसरीकडे जोडलेलाच राहिला. म्हणजे नालेच्या आकाराची एकच पेशी, दोन टोकांना दोन केंद्रकं. पुढच्या खेपेला दोन्ही टोकांत एकेक तर्कू उभा राहिला आणि ते दोन्ही अपेक्षेप्रमाणे मधोमध कापले गेले. पण तिसरी खाच पडली ती नालेच्या वळणावर, जिथे ना तर्कू, ना गुणसूत्रं. फक्त दोन शेजारच्या तर्कूंची टोकं समोरासमोर आली होती. खाचेसाठी गुणसूत्रं मध्ये असायलाच हवीत असं नाही, हे तिथे दिसलं. खाच पाडणारं कडं पुन्हा ॲक्टिन आणि मायोसिनचंच, नाडी आवळावी तसं आवळत जाणारं.

आणि ते कडं बिघडवलं तर? १९८७ साली डिक्टिओस्टेलियम या अमीबासारख्या जीवात नेहमीचं मायोसिन निकामी करून पाहिलं. द्रवात तरंगत ठेवलेल्या पेशींत केंद्रकं वाढत गेली, पेशी मात्र एकच, फुगलेली. पृष्ठभागावर ठेवलेल्या पेशींनी वेगळाच मार्ग काढला: दोन बाजू दोन दिशांना चालू लागल्या आणि मधला धागा ताणून तुटला. म्हणजे चालता येत असेल, आणि चालायला धरण्याजोगं काही असेल, तर कड्यावाचूनही दोन होता येतं.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर लॅबची गरज नाही. ठाण्यात तळ्यांना तोटा नाही. काठाचं कुजकं पान आणि थोडं गाळाचं पाणी बाटलीत आणा, दोनतीन दिवस सावलीत उघडं ठेवा, तळाचा थेंब काचपट्टीवर घ्या आणि शाळेच्या मायक्रोस्कोपखाली १०० पटीत बघा. अमीबा पहिल्याच थेंबात सहसा सापडत नाही, आणि सापडला तरी हादऱ्याने गोळा होऊन बसलेला असतो. पाचदहा मिनिटं काचपट्टीला हात न लावता थांबा, उजेड कमी करा, मग तो एक बाजू पुढे काढतो.