तालुका न्यायालयातून उच्च न्यायालयापर्यंत: खरं गणित वयाचं

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि विचारताय, की जेएमएफसी (तालुका पातळीवरचा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) होऊन पुढे उच्च न्यायालयात न्यायाधीश होता येतं का, की त्यासाठी वकिलीच करावी लागते. होता येतं. घटनेच्या अनुच्छेद 217 मध्ये दोन्ही वाटा आहेत: दहा वर्षं न्यायिक पद किंवा दहा वर्षं उच्च न्यायालयाची वकिली. साधारण एक तृतीयांश जागा सर्व्हिसमधून, म्हणजे खालच्या न्यायालयांतल्या न्यायाधीशांमधून, भरायच्या, अशी प्रथा आहे.

अडतं ते वयावर. मे 2025 पासून जेएमएफसीच्या परीक्षेआधी तीन वर्षं वकिली पुन्हा सक्तीची झाली. म्हणजे सव्विशी-सत्ताविशीत कनिष्ठ स्तर न्यायाधीश, मग वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. कॉलेजियमपुढे, म्हणजे नावांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळापुढे, नाव जाईपर्यंत बहुधा पंचावन्न उलटलेली असते आणि निवृत्ती 62 ला. बारमधला वकील पंचेचाळिशी-पन्नाशीत शपथ घेतो. ज्येष्ठता शपथेपासून मोजतात, त्यामुळे सर्व्हिसमधून आलेली व्यक्ती मुख्य न्यायमूर्तिपदापर्यंत क्वचितच पोहोचते. तीस वर्षं साक्षी-पुरावे ऐकलेल्या माणसाला वर चार-पाच वर्षंच मिळावीत, हे मला मनापासून खटकतं.

मुंबई उच्च न्यायालयात 1889 मध्ये काशिनाथ त्रिंबक तेलंग थेट वकिलीतून गेले, तेव्हा ते चाळिशीच्या आत होते. 1893 मध्ये ते वारले आणि त्यांच्या जागी न्यायमूर्ती रानडे आले; खालच्या न्यायालयांत अनेक वर्षं काढून, एक्कावन्नाव्या वर्षी. फरक तेव्हाही हाच होता.

मधली एक वाट आहे. सात वर्षं वकिली करून थेट जिल्हा न्यायाधीशपदाची परीक्षा द्यायची. पस्तिशी-चाळिशीत निवड झाली, तर पुढची बरीच वर्षं वाचतात. वर गेल्यावरही आधी अतिरिक्त न्यायमूर्ती, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. कायम नंतर करतात.

नाव पुढे जाताना गोपनीय अहवाल बघतात आणि तुमची निकालपत्रं वाचली जातात. म्हणून पहिल्या पोस्टिंगपासून हात घडवा. एका तालुका न्यायालयात मी वाटपाच्या दाव्यात वकील म्हणून उभा होतो. म्हातारी साक्षीदार म्हणाली, "जमीन वडलांची." स्टेनोनं टाइप केलं, "वडिलोपार्जित." माझ्याही लक्षात आलं नाही. न्यायाधीश मॅडमनी थांबवून विचारलं, "आजी, वडलांनी विकत घेतली होती, की आजोबांकडून आली?" "विकत घेतली, बैलजोडी विकून." मॅडमनी तो शब्द खोडायला लावला आणि आजींचं वाक्य जसंच्या तसं घेतलं. दाव्याचा निकाल शेवटी त्या एका वाक्यावर लागला, आणि अपिलातही टिकला.

त्या मॅडम जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाल्या. उच्च न्यायालयासाठी त्यांचं वय उलटून गेलं होतं.

तुमच्या हातात अजून वर्षं आहेत. एलएलबीची परीक्षा संपली, की जवळच्या न्यायालयात बोर्ड (त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी) बघून एखाद्या वाटपाच्या दाव्याची साक्ष पूर्ण ऐका. कुठल्या वाटेनं जायचं, ते मग ठरवा.