पस्तिशीनंतर कॉलेज आणि स्वमग्नता : वाचकांचे प्रश्न

मी 37 वर्षांचा आहे. एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. बारावी 2006 ची. दोन वर्षांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान केलं. आता बी.कॉम. करायचं आहे. वय आड येईल का? सुरुवात कुठून करू?
*– एक वाचक, चोपडा तालुका*

वय आड येत नाही. बी.ए., बी.कॉम.ला वयाची वरची मर्यादा नसते. अडवतात ते कागद. बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र आधी गोळा करा. गुणपत्रक हरवलं असेल तर दुय्यम प्रत मंडळाच्या नाशिक विभागीय कार्यालयातून काढावी लागते. ती धावपळ प्रवेशाच्या गर्दीत, जूनमध्ये, करायची नाही.

याहून जास्त वेळ खातं ते दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. खासगी डॉक्टरांचा कागद निदान सांगतो, पण त्यावर कॉलेज सवलत देत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज भरायचा आणि मग सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळापुढे तपासणीला जायचं. प्रवेश जूनमध्ये घ्यायचा असेल तर हे काम जानेवारीतच सुरू करा.

तपासणी ‘इसा’ नावाच्या मापनश्रेणीवर होते. तिच्यात 40 मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 च्या खाली आली तर स्वमग्नता धरत नाहीत. मोठ्या माणसांची गाडी इथेच अडते. नीट कपडे घातलेला, नोकरी करणारा, विचारलं तेवढं बरोबर सांगणारा माणूस समोर बसला की तपासणाऱ्याला अडचण दिसतच नाही. चारचौघांत निभावून न्यायला तुम्ही ज्या युक्त्या शिकलात, त्याच इथे तुमच्या विरोधात जातात. म्हणून एकटे जाऊ नका. लहानपण पाहिलेलं कोणीतरी, आई किंवा मोठी बहीण, सोबत असू द्या. दोन पानांचं टिपण न्या : बोलायला कधी लागलात, कशाशी खेळायचात, कोणते आवाज, कोणते कपडे, कोणतं खाणं चालत नव्हतं आणि आज काय होतं. टिपणात विशेषणं नकोत, घडतं ते लिहा. ‘गर्दी सहन होत नाही’ याचा उपयोग नाही. ‘लग्नात बँड सुरू झाला की दहा मिनिटांत मांडवाबाहेर जातो, नंतर तासभर बोलता येत नाही’ याचा होतो. एक अक्षरही फुगवून लिहू नका, आणि रोज निभतं म्हणून काही गाळूही नका.

प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा जास्त आले तर सरकारी आणि अनुदानित संस्थांत 5 टक्के राखीव जागा, वयाची अट असलेल्या अभ्यासक्रमाला 5 वर्षांची सूट आणि राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या दिव्यांग शिष्यवृत्तीचा अर्ज, एवढं खुलं होतं. कमी आले तर ही दारं बंद, पण सगळी नाही. 40 टक्क्यांच्या खाली असलेल्या परीक्षार्थीलाही गरजेप्रमाणे सोय नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात म्हटलं. त्यानंतर 2022 मध्ये केंद्राने, लिहिण्यात अडचण असलेल्या अशा परीक्षार्थींसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

आता नियमित कॉलेज की मुक्त विद्यापीठ? नव्या शैक्षणिक धोरणात एका सत्राला 22 क्रेडिट आहेत आणि तासिकेचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास. सत्र साधारण 15 आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला 22 तास वर्गात, शिवाय बसचा प्रवास. नोकरी सांभाळून हे होणार नाही. मग सगळे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं नाव सुचवतात. माणसं कमी, आवाज कमी, म्हणून ते सोपं वाटतं. पण तिथे वेळापत्रक तुमचं तुम्हीच बांधायचं असतं, आणि काम सुरू करणं, मध्येच बदलणं, मुदत लक्षात ठेवणं हेच अनेक स्वमग्न माणसांना सगळ्यात जड जातं. हिशेबाचे महिने तुम्ही बिनचूक सांभाळत असाल तर मुक्त घ्या. बाहेरून कोणी वेळ लावून दिल्याशिवाय हलणं होत नसेल तर नियमित कॉलेज जास्त लाभेल. तिथेही तीन वर्षांची बेडी नाही. कौशल्याची जादा क्रेडिट पूर्ण केली तर एका वर्षावर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांवर पदविका घेऊन थांबता येतं.

माझे मिस्टर 34 वर्षांचे, स्वमग्न आहेत. भुसावळहून जळगावला कॉलेजात जातात. अभ्यास आवडतो, पण घरी आले की अंधार करून पडतात. बोललं तर चिडतात किंवा काहीच उत्तर देत नाहीत. आता कॉलेज सोडतो म्हणतात. समजावू कशी?
*– एक वाचक, भुसावळ*

ताई, आल्या आल्या समजावू नका. मेंदूवर दिवसभर आवाज, उजेड आणि माणसं यांचा मारा झाला की काही जण असे बंदच होतात. ते तुमच्यावर रागावलेले नसतात. दार लावून तास-दीड तास पडू द्या, पाणी आणि जेवण न विचारता जवळ ठेवा. प्रश्न विचारायचाच असेल तर ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असा, तोही कागदावर.

मग सुट्टीच्या दिवशी, डोकं शांत असताना, दोघं मिळून एक आठवड्याचा तक्ता करा. प्रत्येक तासिकेपुढे 0 ते 5 असा ताण लिहायचा आणि शेजारी काय घडलं ते दोन शब्दांत. बहुतेक वेळा दोष विषयाचा निघत नाही. निघतं ते असं : खडखडणाऱ्या पंख्याखालची जागा, दोन तासिकांमधला व्हरांड्यातला गोंधळ, गच्च भरलेली शेअर रिक्षा आणि ‘आज सर नाहीत’ हा वर्ग सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी ग्रुपवर पडलेला मेसेज. यातला शेवटचा प्रकार लोकांना क्षुल्लक वाटतो, पण मनात मांडून ठेवलेला दिवस त्याने कोलमडतो. त्यावर उपाय म्हणजे तासिका रद्द झाली तर कुठे बसायचं आणि काय वाचायचं हे आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवणं.

बाकीच्या दुरुस्त्या अशा. एक गाडी आधीची पकडायची, म्हणजे स्टेशनबाहेरची रिक्षांची झुंबड टळते. भिंतीकडची, दाराजवळची पण पंख्याच्या थेट खाली नसलेली जागा ठरवून घ्यायची आणि रोज तीच धरायची. फोमचे इयरप्लग नीट पिळून, कान मागे ओढून आत बसवावे लागतात, नुसते टोकाला खोचले तर काही उपयोग होत नाही. ते आवाज कमी करतात, बंद करत नाहीत, त्यामुळे शिकवणं ऐकू येतं. मधली सुट्टी कँटीनऐवजी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात काढायची, डबा त्याआधी पाच मिनिटांत उरकायचा. एप्रिल-मे मात्र वेगळा विचार मागतात. जळगाव-भुसावळचा पारा 45 ला टेकतो तेव्हा ज्यांना तहान किंवा उकाडा वेळेवर जाणवत नाही अशा माणसाने तासाला एकदा घड्याळ लावून पाणी प्यावं.

इतकं करूनही तक्त्यातले आकडे महिनाभर उतरले नाहीत, तर सोडण्याचा विषय खुशाल काढा. तेव्हा निदान कशामुळे सोडतोय हे माहीत असेल.

सत्र परीक्षेत माझ्याकडे प्रमाणपत्र असूनही जादा वेळ मिळाला नाही. पर्यवेक्षक म्हणाले, ‘आमच्याकडे तसं काही आलेलं नाही.’ दाद कुठे मागू?
*– एक वाचक, नंदुरबार*

पर्यवेक्षक बहुधा खरं बोलत होते. परीक्षा हॉलमध्ये मागून काही मिळत नाही, तिथे फक्त वरून आलेल्या पत्राची अंमलबजावणी होते. मागणी परीक्षा अर्ज भरतानाच करायची, हॉल तिकीट आल्यावर नाही.

केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्याला तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. अर्ज प्राचार्यांच्या नावे करा, प्रत परीक्षा विभागाला द्या. मजकूर इतका नेमका हवा : ‘मला स्वमग्नता आहे, प्रमाणपत्र व यूडीआयडीची प्रत जोडली आहे. तीन तासांच्या पेपरला 60 मिनिटं वाढीव वेळ, कमी विद्यार्थी असलेली स्वतंत्र खोली व इयरप्लग वापरण्याची परवानगी मिळावी. मंजुरीचं पत्र केंद्रप्रमुखांना परीक्षेपूर्वी पाठवून त्याची प्रत मला द्यावी.’ ‘योग्य ते सहकार्य व्हावे’ असं लिहिलंत तर सहकार्य म्हणून पंखा बंद करतील आणि विषय संपेल.

अर्ज आवक विभागात देऊन स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आठ दिवसांनी तोच क्रमांक सांगून विचारणा करा. स्वतंत्र खोलीचा आग्रह धरा, कारण तुमचा जादा तास सुरू असतो तेव्हा बाकीचे उत्तरपत्रिका देऊन बाकडी सरकवत उठत असतात आणि कधी कधी पुढच्या सत्राची मुलंही आत येतात. मंजुरीपत्राची प्रत प्रत्येक पेपरला खिशात ठेवा, पर्यवेक्षक रोज बदलतो. कॉलेजने उत्तरच दिलं नाही तर त्याच आवक क्रमांकासह विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे आणि कॉलेजच्या समान संधी कक्षाकडे लिहा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये हा कक्ष हमखास असतो, तेव्हा प्रमुख कोण ते विचारायला संकोच नको.

वर्गातली पोरं ‘काका’ म्हणतात. स्वमग्नतेचं त्यांना सांगावं का?
*– एक वाचक, शिरपूर*

सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. वर्गशिक्षक आणि ज्याच्यासोबत गटप्रकल्प करायचा तो एखादा विद्यार्थी, एवढ्यांना पुरे. त्यांनाही निदानापेक्षा काय हवं ते सांगा : ‘प्रकल्पातला माझा भाग आणि तारीख मेसेजवर लिहून दे, तोंडी सांगितलेलं निसटतं.’ गटात टायपिंग, तक्ते, संदर्भ तपासणी असा स्पष्ट हद्दीचा भाग मागून घ्या, ‘सगळे मिळून बघू’वाला नको. सादरीकरणाची धास्ती असेल तर शिक्षकांना किमान दोन आठवडे आधी भेटून, एकट्याने त्यांच्यापुढे सादर करता येईल का ते विचारा. आणि ‘काका’ला नुसतं ‘बोल रे’ म्हणा.