‘सुगी’ जूनमध्ये येत नाही

एका ताईंनी विचारलं आहे: “बातम्यांत ‘अमुक धंद्याला सुगीचे दिवस’ असं सारखं वाचते. माझ्या सासूबाई मात्र माघ-फाल्गुनातल्या दिवसांनाच सुगी म्हणतात. मग सुगी म्हणजे भरभराट, ऋतू की कापणी? सु + उगी, म्हणजे ‘चांगलं उगवणं’, अशी फोड एका व्याख्यानात ऐकली. ती बरोबर आहे का?”

ती फोड आधी उकिरड्यावर टाका. शब्दाच्या सुरुवातीला ‘सु’ दिसला की तो उपटायचा आणि उरलेल्या चोथ्याला काहीतरी अर्थ चिकटवायचा, ही आपल्या व्याख्यात्यांची जुनी खोड आहे. मराठीत ‘उगी’ लागतो तो रडणाऱ्या मुलाला गप्प करायला. त्याचा उगवण्याशी काही संबंध नाही.

पण या फोडीनं एक खरं नुकसान केलं आहे. सुगी म्हणजे उगवणं असं एकदा डोक्यात बसलं की लोक ती जूनमध्ये आणतात. पहिला पाऊस पडायचा अवकाश, ‘बळीराजाची सुगी सुरू’ म्हणून कुणीतरी बातमी वाचतंच. अहो, जूनमध्ये कणगी तळाला गेलेली असते आणि बियाण्यासाठी उसनवारी चाललेली असते. सुगी असते ती बरोबर दुसऱ्या टोकाला, पीक पदरात पडतं तेव्हा. पेरणीला सुगी म्हणणं म्हणजे लग्नाच्या बोलणीला बारसं म्हणण्यासारखं.

भरभराट हा अर्थ पुढचा, लाक्षणिक. कोणताही कोश उघडलात तरी सापडेल, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही.

सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, पण ते त्यांच्या मुलखापुरतं. खरिपाची सुगी दिवाळीच्या आगेमागे येते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात मात्र खरी भिस्त रब्बीच्या शाळूवर, म्हणजे ज्वारीवर. त्यामुळे तिथे नुसतं ‘सुगी’ म्हटलं की थंडी उतरतानाचे दिवसच डोळ्यांपुढे येतात. संक्रांत मागे पडते, दाणा टणक होतो, हुरड्याच्या आगट्या विझतात. मग ज्वारी काढायची, म्हणजे मुळासकट उपटायची. तीही पहाटे, दव आहे तोवर, कारण ऊन चढलं की वाळला पाला हातात चुरतो आणि कडब्याची माती होते. पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, कडब्याची गंज रचायची. खळ्याची जमीन भिजवून चोपायची, शेणानं सारवायची, मधोमध तिवडा, म्हणजे खांब, रोवायचा आणि त्याच्याभोवती बैलांची पात फिरवायची. नंतर उफणायला, म्हणजे दाण्यातला भुसा उडवायला, वाऱ्याची वाट बघायची. वारं पडलं की भरल्या पाट्या तशाच ठेवून माणसं बसून राहत. पंचाहत्तरीच्या आत-बाहेरच्या कुणालाही विचारा, खळ्यावरची ती बसून काढलेली दुपार त्याला उफणणीपेक्षा जास्त आठवते. रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. बलुतेदारांचं बलुतं तिथेच, खळ्यावरच निघायचं आणि वर्षभराची उधारीही ‘सुगीवर देतो’ या एका शब्दावर चालायची. आता मळणीयंत्र येतं, दोन-चार तासांत धुरळा उडवून जातं. तिवडा म्हणजे काय हे नातवाला कागदावर काढून दाखवावं लागतं.

(खळं हा शब्द मुळात ‘खल’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्र स्वतःच्या तोंडानं सांगतो की मी शत्रूंना खळ्यावरच्या पेंढ्यांसारखं झोडपतो. इतका जुना शब्द आपण एका यंत्रापायी घालवला.)

आणि ‘रब्बी’? अरबीत ‘रबी’ म्हणजे वसंत आणि ‘खरीफ’ म्हणजे शरद. म्हणजे पीक ज्या ऋतूत हाती येतं, त्याचं नाव पिकाला दिलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूळ मुद्दा. सुगी आली कुठून? बहुतेक जण ‘कानडी सुग्गी’ एवढं सांगून हात झटकतात. कानडीत सुग्गी आहेच, कोण नाही म्हणतंय? पण शब्द शेजाऱ्याच्या घरातून आला एवढं कळलं म्हणजे तो जन्मला कुठे हे कळलं असं नव्हे. त्या कानडी सुग्गीचे अर्थ बघा: कापणीचे दिवस, आणि वसंत ऋतूसुद्धा! पुन्हा तीच रबीची गोष्ट, ऋतू आणि पीक एकाच नावात.

माझं मत गेली वीस वर्षं मी भेटेल त्याला ऐकवत आलो आहे, तुम्हालाही ऐकवतो. सुगी आणि शिमगा या सख्ख्या चुलत बहिणी आहेत.

शिमग्याचा पत्ता त्यातल्या त्यात पक्का आहे. बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्रानं ‘देशीनाममाला’ या आपल्या प्राकृत कोशात ‘सुगिम्हअ’ असा शब्द नोंदवला आणि अर्थ दिला फाल्गुनोत्सव. त्यानं तो ‘देशी’ शब्दांत, म्हणजे संस्कृतातून सरळ न निघणाऱ्या शब्दांत घातला. हेमचंद्राशी भांडायची माझी प्राज्ञा नाही, तरी भांडतो. प्राकृतात ग्रीष्माचा ‘गिम्ह’ होतो. अस्मद्-युष्मद् घराण्यातून आम्ही-तुम्ही आले त्याच वाटेनं, ‘स्म-ष्म’चा ‘म्ह’ होत. मग सुगिम्हअ म्हणजे सुग्रीष्मक हे उघड आहे की! ‘सुग्रीष्म’, म्हणजे चांगला ग्रीष्म, अजून न चावणारं ऊन. फाल्गुनातलं सकाळचं ऊन याहून नेमकं कुणी सांगितलंय? आपण ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतो, तेच त्यांनी एका शब्दात बसवलं.

पुढची वाट सोपी. ‘सु’चा ‘सि’ झाला, पुढच्या इकाराच्या ओढीनं. मराठीत इकारापुढे ‘स’ टिकत नाही, तो ‘श’ होतो: सीमेची शीव होते, सिव्-चं शिवणं होतं. झाला शिगमा. मग ग आणि म यांनी जागा बदलल्या आणि झाला शिमगा. ही जागाबदल कल्पनेतली वाटत असेल तर गोव्यात जा. तिथे आजही ‘शिगमो’च आहे, ग आधी आणि म नंतर. गोवेकर चुकीचं बोलतात असं मला एका निवृत्त मास्तरांनी सुनावलं होतं. चुकतोय आपण, गोवेकरांनी जुना क्रम सांभाळलाय.

आता गोव्याची हद्द ओलांडून दक्षिणेला कारवार-अंकोल्याकडे उतरा. तिथे होळीच्याच सुमारास हालक्की वक्कल लोक डोक्यावर रंगीबेरंगी तुरे बांधून गावोगाव नाचतात. त्या नाचाचं नाव काय? सुग्गी कुणित! हद्दीच्या अलीकडे शिगमो, पलीकडे सुग्गी. दिवस तेच, नाचत गावात शिरणं तेच. हे सगळं योगायोगानं झालं असं म्हणणाऱ्याला मी नमस्कार करतो आणि वाट धरतो.

‘सुग्गीतला म्ह कुठे गेला?’ हा प्रश्न मला हमखास विचारतात. खरं सांगायचं तर या साखळीतली हीच कडी कच्ची आहे. सुग्रीष्ममधल्या ‘ग्री’चा ‘ग्गि’ नीट होतो, दुहेरी ग तिथून मिळतो. शेवटचा ‘म्ह’ झिजला असं मला म्हणावं लागतं. पण ‘कानडी’ एवढाच शिक्का मारणाऱ्यांकडे तर सुग्गीच्या आधीची एकही कडी नसते. माझी साखळी निदान एका जागीच तुटते.

शिमगा हा असभ्य शब्द आहे, लिहिताना ‘होळी’च लिहावं, असं म्हणणारेही आहेत. बोंब मारतात म्हणून असभ्य? हालाच्या ‘गाथासप्तशती’त फाल्गुनोत्सवाला कुणीतरी अंगाला चिखल फासतं आणि त्याला दोष नाही असं म्हटलंय. म्हणजे धुळवडीचा चिखल महाराष्ट्री प्राकृताइतका तरी जुना आहे. गंमत अशी की पंचांगाच्या हिशेबानं हा सगळा दंगा शिशिरातच मोडतो. माघ-फाल्गुन शिशिर, वसंत चैत्रापासून. वसंतपंचमीसुद्धा माघात, म्हणजे शिशिरात! पळस कधीच पेटलेला असतो, आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरू लागतात आणि पंचांग अजून शिशिरच म्हणत असतं. पानगळ आणि पालवी एकाच झाडावर बघायची तर हेच दिवस. (पानगळच. ‘पतझड’ नव्हे. तो राग पुन्हा कधीतरी.)

हां, तुमचा प्रश्न. धंद्याला सुगीचे दिवस आले असं खुशाल लिहा. फक्त पैसा घरात आल्यावर लिहा, दुकानाच्या उद्घाटनाला नको. सासूबाईंना माझ्यातर्फे एवढं विचारा: त्यांच्या लहानपणी घरात शिमगा म्हणत की शिगमा? त्यांचं माहेर अक्कलकोटच्या, म्हणजे कानडी हद्दीच्या, बाजूचं असेल तर जरूर विचारा. आणि त्या ‘शिगमा’ म्हणाल्या, तर मला त्याच दिवशी कळवा.