जुन्या संगणकावरील फाइली नव्या लॅपटॉपवर कशा न्याव्यात?

वडिलांच्या विंडोज 7 असलेल्या संगणकावरील फोटो, लग्नाचे व्हिडिओ, मराठीत टाइप केलेले अर्ज आणि दुकानाचा टॅलीतील हिशेब पेन ड्राइव्हने नव्या लॅपटॉपवर नेता येईल का, असे आपण विचारले आहे. नेता येईल, मात्र फाइल पोचली म्हणजे ती उघडेलच असे नाही, आणि नांदेडात वकील व दस्तलेखकांचे संगणक बदलून देताना लोक अडतात ते बहुधा उघडण्यापाशीच, असा माझा अनुभव आहे.

पेन ड्राइव्हऐवजी पोर्टेबल हार्ड डिस्क घ्यावी. अनेक पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यांत कितीही जागा मोकळी असली तरी 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ नेमका इथेच अडकतो. एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कला ही अडचण नाही. सी ड्राइव्हच्या युझर्स फोल्डरमधील वडिलांच्या नावाचे फोल्डर आणि डी ड्राइव्ह, दोन्ही पाहावेत. कट न करता कॉपीच करावे, कारण आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. फाइली पुष्कळ असतील तर विंडोजमधीलच रोबोकॉपी ही कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप करून द्यायची कॉपीची आज्ञा वापरावी; काम मध्येच तुटले तरी तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर ती आधी पोचलेल्या फाइली सोडून पुढचे काम करते.

खरी काळजी मराठी अर्जांची घ्यावी लागते. ते युनिकोडपूर्वीच्या (युनिकोड म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी आजची पद्धत) फॉन्टमध्ये असतील, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. तो नव्या लॅपटॉपवर नसेल तर अख्खा अर्ज निरर्थक चिन्हांचा दिसतो आणि फाइल खराब झाली असे समजून लोक ती पुसून टाकतात. तसे करू नये. त्या मजकुरावर क्लिक केल्यास वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत मूळ फॉन्टचे नाव दिसते; जुन्या संगणकाच्या विंडोज फोल्डरमधील फॉन्ट्समधून तेवढी फाइल आणून इन्स्टॉल केली की मजकूर वाचता येतो. जमिनीचे वा कोर्टाचे कागद असतील तर जुन्या संगणकावरच त्यांची पीडीएफ करून ठेवावी, म्हणजे फॉन्ट त्यातच बसून येतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण पहिली वेलांटी आणि रफार जुन्या फॉन्टमध्ये वेगळ्या क्रमाने साठवलेले असल्यामुळे चुका तिथेच जास्त होतात. गट क्रमांक आणि क्षेत्राचे आकडेही मूळ प्रतीशी ताडून पाहावेत.

टॅलीचे फोल्डर नुसते उचलून नेऊ नये. टॅलीतूनच बॅकअप घ्यावा, नव्या लॅपटॉपवर तो रिस्टोअर करावा आणि लायसन्स जुन्या संगणकावर सरेंडर केल्यावरच, म्हणजे तिथून सोडवल्यावरच, नव्यावर सुरू करावे. वर्डसारखे प्रोग्रॅम कॉपी होत नाहीत, ते नव्याने इन्स्टॉल करावे लागतात.

जुना संगणक सुरूच होत नसेल तरी, डिस्क शाबूत असल्यास, दुकानदाराकडून ती काढून घेऊन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडता येते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून 5 व्होल्टच मिळतात, म्हणून केबल घेताना सोबत वीजपुरवठ्याचा अडॅप्टर आहे ना, ते पाहून घ्यावे.